न धरलेला महिना

माझी मोठी मुलगी १९७७ साली, गोपाळकाल्याच्या दिवशी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कर्जतच्या एका दवाखान्यात जन्मली. पाय आधी आले, डोकं शेवटी. घरच्या हिशेबाप्रमाणे तिला यायला अजून एक महिना होता.

सासर खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या जवळ, महामार्गापासून अर्धा मैल आत. घर भातशेतीचं. नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. सासरे मी येण्याआधीच वारले होते. घरात तिघंच: नवरा, मी आणि सासूबाई. माझं माहेर कर्जतचं. आई नव्हती. स्टेशनजवळ दोन खोल्यांत भाऊ आणि वहिनी राहत.

सासूबाई सुईण होत्या. हे काम त्यांना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. आसपासच्या चार-पाच गावांतून बोलावणं यायचं आणि त्या तव्यावरची भाकरी माझ्यावर टाकून तशाच निघायच्या. बदल्यात खण, नारळ, पायलीभर तांदूळ मिळायचे. कधी लुगडं. आजवर किती बायका मोकळ्या केल्या असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मोजायचं नसतं."

रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी. माझं तिथे झालं नाही. सुईणीच्या घरची सून दुसऱ्या सुईणीच्या हाताखाली जात नाही, असं सासूबाईंनी भावाला कळवलं. आई नसल्यामुळे भावानेही आग्रह धरला नाही. १९७५ च्या माघात, आतल्या खोलीत, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी अडले. मूल पायाळू होतं. पाय आले, अंग आलं, डोकं अडकलं. मुलगा होता. तो रडला नाही. सासूबाईंनी स्वतः त्याला आंघोळ घातली, स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि बांधाजवळ नेऊन पुरलं. नंतरचे बारा दिवस त्यांनी माझी शेक-शेगडी केली, डिंक-आळीव करून घातलं, अंगाला तेल लावलं. कशात कमी केलं नाही. त्या दिवसाबद्दल मात्र त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. पुढची दोन वर्षं हे असंच चाललं.

१९७६ च्या मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, मी शेवटची बाहेर बसले. चैत्रात पाडवा झाल्यावर एका दुपारी जेवताना मी दोघांना एकदम सांगितलं, "या खेपेला मी कर्जतला जाणार. दवाखान्यात."

नवरा ताटात बघत राहिला. सासूबाईंचा आमटी वाढणारा हात थांबला नाही.

"का गं? घरात कोन नाय काय?"

"तुम्ही आहात. तरी दवाखान्यात जाणार."

"आन् ह्ये हात काय निसतं भाकऱ्या थापाया हायेत?"

"भाकऱ्या तुमच्यासारख्या गावात कुणाला येत नाहीत, आत्याबाई. पण बाळंतपण दवाखान्यात."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुज्या तोंडात काय मूग हायेत का रं? बोल की."

"मी काय बोलू, आये? त्यातलं मला काय कळतंय?"

"पोर करायच्या येळंला बरं कळलं!"

नवरा अर्धं ताट सोडून उठला. आम्ही दोघीच राहिलो. मी सांगितलं की मागचं मूल गेलं, हे मला जगवायचं आहे.

"मंग मला काय मारायचं व्हतं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंस."

"म्हटलं असेन," मी म्हणाले. त्यांनी आमटीचं पातेलं उचललं आणि आत नेलं.

चार दिवसांत ही गोष्ट विहिरीवर पोचली. शेजारच्या घरातली बाई, जिची तिन्ही मुलं सासूबाईंच्या हातून झाली होती, कळशी भरता भरता मला ऐकू जाईल अशा बेताने दुसरीला म्हणाली, "ऐकलंस का? सुताराच्या घरात आता पाट बाजारातनं आनायचा म्हन्तात."

"आनू दे की. बाजारातला पाट डुगडुगत नाय."

"कर्जतच्या नर्शी घड्याळात बघून पोर काढतात गं. पाच वाजलं का त्या घरी आन् बाई खाटंवर."

"मग मी पाचच्या आत मोकळी होईन," मी म्हणाले आणि कळशी उचलली.

बोलण्याचा राग मला फारसा आला नाही. पण त्यातून दुसरं एक झालं, ते खरं होतं. ज्येष्ठात शेजारच्या गावातून एका बाईला कळा लागल्याचं कळलं आणि सासूबाई वाट बघत ओट्यावर बसल्या. बोलावणं आलं नाही. त्या घरच्यांनी बैलगाडी जुंपून बाईला खालापूरला नेलं. सुईणीच्या सुनेचाच तिच्यावर भरवसा नाही, असं तिथल्या कुणीतरी म्हटल्याचं नवऱ्याने कारखान्यात ऐकलं. घरी येऊन त्याने ते मला सांगितलं आणि विचारलं, "मंग? अजून जायचंच का?"

"हो."

"आयेचं काय व्हईल याचा इचार केलास?"

"केला. माझं काय होईल याचाही केला."

त्यानंतर त्याने विचारलं नाही. आषाढ लागला तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला. लावणी चालू होती. त्या चिखलातून वर आल्या, बांधावर बसल्या आणि पायाची जळू काढत म्हणाल्या, "जा कर्जतला. पन गौरी झाल्यावर. गौरीला सून घरात पायजे. नववा भरंल तवा तू भावाकडं असशील. मंग तुजा दवाखाना आन् तू."

मी कबूल झाले. भावाला पत्र टाकलं की गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी येते.

त्या वर्षी श्रावण दोन होते, आधी अधिक आणि मग निज. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंडा म्हणतात. धोंड्यात जावयाला अनारशांचं वाण जातं. लग्न, मुंज, बारसं, ओटी यांतलं काही होत नाही. भाऊ कर्जतहून वाण घेऊन आला तेव्हा सासूबाई त्याच्यासमोरच मला म्हणाल्या, "धोंडा पोटाला धरायचा नाय हां. त्यो देवाचा महिना. त्यो सोडून मोज."

मी तो सोडून मोजला. तेव्हा आम्ही बायका महिने सणांवर मोजत असू. पाडव्याला चौथा चालू होता, वटपौर्णिमेला सातवा. इंग्रजी तारीख लिहून ठेवायची मला सवय नव्हती. पुढे माझं सगळं काम तारखांचं झालं. तेव्हाची ती एक तारीख मात्र माझ्याकडे नाही. धोंडा सोडायचा असतो असं मी इतर कुणा बाईकडून ऐकलं नव्हतं. पण सांगणारी सुईण होती, आणि महिन्यांच्या बाबतीत सुईणीला विचारायचं की पंचांगाला, हा प्रश्न मला पडला नाही. ही चूक माझी.

निज श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात मी खालापूरला तपासायला गेले. तिथल्या नर्सने विचारलं, "कितवा?"

"आठवा भरत आलाय."

तिने पोटावर हात फिरवला, परत फिरवला. "पोट तर नवव्याचं दिसतंय. नीट मोजलंय ना?"

"सासूबाई सुईण आहेत."

"मग ठीक," ती म्हणाली आणि कार्डावर आठ लिहिलं. मूल कसं आहे ते तिने हाताने चाचपून सांगितलं. डोकं वर, पाय खाली. मागचं पायाळू होतं हे कळल्यावर तिने पेन खाली ठेवलं. "हे बघा, घरी अजिबात नको. कर्जतला जा, तिथे डॉक्टरीणबाई आहेत. आणि पोट चोळून घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी."

घरी येऊन मी हे शब्द आहेत तसे सांगितले. सासूबाईंनी मला आडवं व्हायला लावलं. त्यांचा हात नर्सपेक्षा जड होता आणि कमी वेळ लागला. "हाय वर," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तेल लावून फिरवते. चार दिवसांत फिरंल."

"नको."

"दुखनार नाय."

"नको, आत्याबाई."

त्यांनी तेलाची वाटी फडताळात ठेवून दिली. पुन्हा विचारलं नाही.

गोपाळकाल्याच्या दिवशी नवरा पहिल्या पाळीला गेला होता. सकाळी नऊच्या सुमाराला मी परसात अळू खुडत होते. पहिली कळ आली ती मी धरली नाही. दुसरी आली तेव्हा देठांची जुडी हातातून सुटली. तिसऱ्या कळेला मी उठले आणि कपड्यांची पिशवी घ्यायला आतल्या खोलीत गेले. अजून महिना असला तरी भावाकडे आजच गेलेलं बरं, असा माझा विचार होता.

पिशवी भाताच्या कणगीमागे खुंटीला होती. कणगीच्या आड जमिनीवर एक सूप ठेवलेलं होतं, वर फडकं झाकून. मी फडकं काढलं. सुपात जुन्या धोतराची कापडं उकळून, वाळवून, घड्या घालून ठेवली होती. नाळ बांधायचा दोरा होता. कागद न उघडलेलं नवं ब्लेड होतं. खोबरेल तेलाची बाटली होती.

त्या पंधरवड्यात कापड वाळेल असं ऊन एकदाच पडलं होतं, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. म्हणजे सूप तेव्हापासून तयार होतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हे कधी केलंत?"

"लागतंय त्ये आदी करून ठिवावं."

"महिना आहे ना अजून?"

मी त्यांच्यासमोर बोटांवर मोजायला लागले. चंपाषष्ठीपासून, मोठ्याने, महिन्यांची नावं घेत. आषाढानंतर या वेळी धोंडा म्हटलं, मग श्रावण म्हटलं. "नऊ महिने आणि अठरा दिवस," मी म्हणाले.

"बस खाली. उगा हुबी ऱ्हाऊ नको. कळ आली का माजा हात धर."

"मी निघाले."

"कुटं?"

"कर्जतला."

"काला हाय आज. येष्टी मिळायची नाय. वाटंत झालं मंजी?"

"झालं तर झालं."

"आगं, पाय खाली हायेत! मागल्यावानी!"

"म्हणूनच निघाले."

त्या दारातच होत्या आणि दार एकच होतं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत त्यांना उलटून बोलले असेन, पण बाजूला हो असं कधी म्हटलं नव्हतं. ते तेव्हा म्हटलं. "बाजूला व्हा, आत्याबाई."

त्या झाल्या.

महामार्गापर्यंतची वाट बांधांवरून जायची. भात गुडघ्याएवढं झालं होतं. बांध निसरडे होते म्हणून मी चपला हातात घेतल्या. ओढ्याजवळ पहिल्यांदा खाली बसले आणि मागे बघितलं. सासूबाई चाळीस-पन्नास पावलांवर होत्या. पदर खोचलेला, काखेत ते सूप फडक्यात बांधलेलं. मी थांबले तशा त्याही थांबल्या. हाक मारली नाही. मी उठले, त्या चालू लागल्या.

दुसऱ्यांदा मला एकटीने उठता येईना. तेव्हा त्या जवळ आल्या, मागे बसल्या आणि माकडहाडाच्या वर तळवा दाबून धरला. कळ गेल्यावर म्हणाल्या, "ऊठ. हितं मुंग्या हायेत."

महामार्गावर दोन ट्रक थांबले नाहीत. तिसरं वाहन दुधाचा टेंपो होता. सासूबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ब्रेक लागून रिकामे कॅन एकमेकांवर आपटले.

"आजी, मरायचं हाय काय?"

"मरायचं नाय, जन्माला घालायचं हाय. कर्जतला चल."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. "मी खोपोलीला चाललोय. आन् गाडीत काय झालं मंजी? मला यातलं काय येत नाय."

"तुला कोन धरायला सांगतंय? तू गाडी हाक. बाकीचं आमी दोगी बघतो."

रस्त्यालगतच्या पानवाल्याला सासूबाईंनी नवऱ्यासाठी कारखान्यात निरोप द्यायला सांगितलं. मला पुढे बसवलं आणि स्वतः मागे कॅनमध्ये बसल्या. ड्रायव्हरने गाडी वळवली. फाट्यावरून कर्जतच्या रस्त्याला लागेपर्यंत तो खड्डे चुकवत होता आणि प्रत्येक कळेला स्वतःच "आई गं" म्हणत होता.

कर्जतच्या बाजारात रस्ता बंद होता. हंडी बांधली होती, तिसरा थर चढत होता आणि दोन्ही बाजूंच्या माड्यांवरून पाणी ओतत होते. हॉर्न कुणी ऐकेना. सासूबाई मागून उतरल्या, त्या पाण्यातून गर्दीत शिरल्या आणि खालच्या थरातल्या एकाच्या खांद्यावर थाप मारून ओरडल्या, "ए गोविंदा! उतरव ती वरची पोरं! तुमचा दरवर्षी येतो, आमचा आत्ताच यायलाय! गाडी जाऊ द्या!"

"आजी, थर लागलाय—"

"हितं पन लागलाय!"

लोक हसले. थर उतरला. वरचा पोरगा उतरताना टेंपोच्या टपावर पाय देऊन उतरला. टेंपो पुढे गेल्यावर मागून कुणीतरी "मुलगा झाला तर कृष्ण ठेवा" असं ओरडल्याचं मला आठवतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं, नर्सला दोन-तीन गोष्टी काढायला सांगितल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"मी सुईण हाय."

"असाल. इथे आत नातेवाईक चालत नाहीत."

"हिचं मागचं पोर पायाळू व्हतं. माज्या हातात गेलं."

खोलीत मी, नर्स आणि डॉक्टरीणबाई होतो. हे वाक्य तोवर घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सासूबाई पुढे म्हणाल्या, "अंग येतंय, डोकं अडकतंय. मला ठावं हाय. डोक्याचं तुमी काय करता त्ये मला बघायचं हाय. हात लावनार नाय. पन हितनं हलनार नाय."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कोपरापर्यंत हात धुवा. साबण तिथे आहे. त्या कोपऱ्यात उभ्या राहा. बोललात तर बाहेर."

त्या कोपऱ्यात एक तासभर उभ्या होत्या. बोलल्या नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पाय दिसत होते. चिखल वाळून पोटऱ्यांवर पांढरा झाला होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी काय केलं ते मला दिसण्यासारखं नव्हतं, ते मी नंतर सासूबाईंकडून ऐकलं. एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. थोडा वेळ आवाज आला नाही. नर्सने पाय धरून उलटं केलं, पाठीवर थोपटलं, आणि मग ती रडली.

नवरा तीन वाजता आला. मुलगी बघून म्हणाला, "पायाळू? मंग गावात उसण भरलेल्यांची सोय झाली." पायाळू माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण जाते असं आमच्याकडे मानतात. पुढे ती चालायला लागल्यावर खरोखरच दोन-चार म्हातारे ओट्यावर पालथे पडायला यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात फारसं कुणी नव्हतं. सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसून लंगोट दुमडत होत्या. मी विचारलं नव्हतं, त्याच म्हणाल्या, "बाई वढत नव्हत्या."

"म्हणजे?"

"पोराला. वढत नव्हत्या. निसतं धरलं व्हतं, खालनं. आपसूक येऊ दिलं. मंग पाय वर उचललं, पोटावर वळवल्यागत, आन् डोकं सुटलं." त्यांनी हातातला लंगोट तसा वर उचलून दाखवला. मग खाली ठेवला. "मी वढलं व्हतं."

मी विचारलं, "धोंड्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं."

"पहिल्यापासून?"

"हाताला कळतंय की. पंचांग कशाला लागतंय?"

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"नायतर तू गेली असतीस." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. आवाज खाली गेला नव्हता. "मागलं माज्या हातनं गेलं. ह्ये माज्याच हातनं यायला पायजे व्हतं. फिरवलं असतं मी त्याला. तू तेल लावू दिलं नायस."

"पोट माझं होतं, आत्याबाई."

"व्हतं."

"मूल माझं होतं. मागचंही माझं होतं."

"माजं पन व्हतं त्ये," त्या म्हणाल्या. त्यांनी लंगोट उचलले आणि धुवायला गेल्या, ते धुतलेले होते तरी.

त्या संध्याकाळी त्या गावी परत गेल्या. पाचव्या दिवशी दुपारी परत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाटा होता. घरातला, दगडी. काखेतल्या पिशवीत वरवंटा, हळद-कुंकू, तांदूळ, दोन नारळ, दोन खण. पाचवीला पाटा-वरवंट्यावर सटवाई पुजतात आणि जवळ कोरा कागद ठेवतात. ती मुलाचं नशीब लिहायला येते. कंडक्टरने विचारलं होतं, "आजी, दगड कुठं नेताय?" त्यावर "तुज्या घरात नाय, बस तिथंच," असं सांगितल्याचं त्यांनीच मला सांगितलं.

नर्स धावत आली. "अहो, हे काय? इथे पूजा-बिजा चालत नाही. दिवा तर मुळीच नाही. स्पिरिट असतं इथे."

"दिवा नाय लावत. पाटा मांडते."

"पाटाही नाही."

"पाटा काय पेटतोय का?"

पाटा माझ्या खाटेखाली मांडला गेला. बाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. एकीने आपल्या औषधाच्या कागदाची मागची कोरी बाजू फाडून सटवाईसाठी दिली. दुसरीने पेन्सिल दिली. पूजा पाच मिनिटांत झाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. खाटेखाली बघून त्या नर्सकडे वळल्या, पण त्या बोलायच्या आत सासूबाई उठल्या आणि एक खण, नारळ, ओंजळभर तांदूळ पुढे केले.

"वटी घ्या."

"माझी? कशाला?"

"बाई जिच्या हातनं मोकळी झाली, पाचवीला तिची वटी भरायची असते. ती रीत हाय."

"आजी, आम्हाला इथे काही घेता येत नाही."

"तुमाला देत नाय. सुईणीला देते."

"मी सुईण नाही, मी—"

"घेनार नाय तवर मी हितनं उठनार नाय. परवा बघितलंत ना मी कशी हुबी ऱ्हाते ती."

डॉक्टरीणबाईंनी हातातला फॉर्म काखेत धरला आणि पदर पुढे केला. सासूबाईंनी ओटी भरली, कुंकू लावलं. नमस्कार केला नाही. वयाने त्या मोठ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी वाकून केला. दुसरा खण आणि दुसरा नारळ सासूबाईंनी माझ्या उशाशी ठेवला. तो बाळंतिणीचा.

सातव्या दिवशी मला घरी सोडलं. भावाकडे न थांबता मी सासरी गेले. शेक-शेगडी, तेल, आंघोळ, सगळं सासूबाईंनीच केलं. मुलीच्या पोटाला तेल लावतानाही त्या मला विचारायच्या, "लावू?" मी "लावा" म्हणायचे. गौरी आल्या तेव्हा सुवेरामुळे माझा हात देवाला लागायचा नव्हता. मी घरात होते, पण गौरी सासूबाईंनी एकटीने बसवल्या.

भाऊबीजेला भावाने मला इंग्रजी तारखांचं कॅलेंडर दिलं. मी ते आतल्या खोलीच्या भिंतीला लावलं.

कार्तिकाच्या शेवटी, भात झोडून झाल्यावर, गावातल्या दोन पोटुशा बायका सासूबाईंना पोट दाखवायला आल्या. पहिलीचं हे पहिलं होतं. दुसरी तीच, विहिरीवर सुताराच्या पाटाचं बोललेली. सासूबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी दोघींना तिथेच थांबवलं.

"आदी आत जा. हिला शेवटची बाहेर कंदी बसलीस त्ये सांग. ती तारीख काढंल. मंग मी पोट बघते."

"तारीख कशाला?" शेजारीण म्हणाली. "तुमी हायेत की."

"मी हायेच. जा आत."

दोघी आत आल्या. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि दोघींचे दिवस मोजून दिले. सासूबाईंनी मग पोटं बघितली. पहिलीचं मूल आडवं आहे असं त्यांनी सांगितलं आणि तिला कर्जतला जायला सांगितलं. तिच्या सासरचे तयार नव्हते. सासूबाई त्यांच्या घरी जाऊन बसल्या.

पहिली पौषात कर्जतच्या दवाखान्यात बाळंत झाली, सासूबाई सोबत होत्या. शेजारीण त्यानंतर तीन आठवड्यांनी तिच्या घरी, सासूबाईंच्या हातून बाळंत झाली. पहिलीला मुलगा झाला, शेजारणीला मुलगी. दोन्ही मुलं जगली.